पगार आहे, पत्ता नाही: गाडीत राहून नोकरी करणाऱ्यांचं गणित

सिलिकॉन व्हॅलीतल्या सांता क्लाराला असताना ऑफिसच्या पार्किंगमध्ये हिवाळ्यातल्या सकाळी एक गंमत दिसायची. रात्रभर उघड्यावर असलेल्या गाड्यांच्या काचांवर दव बाहेरून साचलेलं असायचं. कोपऱ्यातल्या एका जुन्या प्रियस गाडीच्या काचा मात्र आतून ओल्या असायच्या. मला वाटायचं, एसी बिघडलाय बिचाऱ्याचा.

एसी ठणठणीत होता. बंद जागेत माणूस रात्रभर श्वास सोडतो, त्यातली वाफ गार काचेवर जमते, एवढंच. गाडी आमच्याच मजल्यावरच्या एका सॉफ्टवेअर टेस्टरची होती. कॉन्ट्रॅक्टवर होता, कामात चोख, मीटिंगला कधी उशीर नाही. शर्टाला इस्त्री असायची. तो गाडीत राहतो हे मला सात-आठ महिन्यांनी कळलं, तेही त्यानेच सांगितलं म्हणून. ‘तीन महिन्यांपुरतं’ म्हणून सुरू केलेलं प्रकरण चौदा महिने चाललं.

अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, हा विषय सध्या सतत बातम्यांत असतो. २०२५च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने मोठ्या व्हॅन आणि आरव्हींना (म्हणजे ज्यात झोपायची-स्वयंपाकाची सोय असते अशा गाड्यांना) रस्त्यावर उभं राहायला दोन तासांची मर्यादा घातली. बातमी वाचून इकडच्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: नोकरी आहे, गाडी आहे, मग घर का नाही?

गाडीत कोण राहतं?

‘गाडीत राहणारे’ म्हटलं की आपल्यासमोर दोन चित्रं येतात. एक, यूट्यूबवरचं जोडपं: लाकडी पॅनेलिंग केलेली व्हॅन, मागचं दार उघडलं की समोर समुद्र. दुसरं, दारू पिऊन पडलेला माणूस. दोन्ही प्रकार आहेत, पण या दोघांच्या मधली गर्दी कुणी दाखवत नाही. त्यात दुकानातला कॅशियर आहे, हॉस्पिटलातली मदतनीस आहे, सुरक्षारक्षक आहे, कॉलेजात तासावर शिकवणारा प्राध्यापक आहे. आठवड्याचे चारच दिवस गाडीत राहणारेही बरेच आहेत. त्यांचं घर असतं, पण नोकरीपासून दोन-अडीच तासांवर. सोमवारी यायचं, गुरुवारी रात्री परत.

मुंबईकराला हे लगेच समजेल. मुंबईत घर परवडलं नाही की माणूस कर्जत-कसाऱ्याला जातो आणि लोकलचा पास काढतो. सिलिकॉन व्हॅलीचा कर्जत-कसारा म्हणजे ट्रेसी, स्टॉकटन, मोडेस्टो. फरक इतकाच की तिकडे मुंबईसारखी लोकल नाही. ज्या गाडीने घरी जायचं, तीच गाडी ट्रॅफिकमध्ये अडकते. मग एखादा म्हणतो, रोज पाच तास गाडी चालवण्यापेक्षा त्याच गाडीत झोपलेलं काय वाईट?

पगार असून घर का मिळत नाही?

‘परवडत नाही’ आणि ‘मिळत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी पहिली. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर थांबलंय. कॅलिफोर्निया राज्याचं २०२५ मध्ये १६.५० डॉलर होतं. आठवड्याला ४० तास, वर्षभर खाडा न करता काम केलं तर महिन्याला सरासरी २,८६० डॉलर होतात. कर कापायच्या आधी.

आता दुसरी. घरमालक सर्रास अट घालतात की उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं. म्हणजे या माणसाला जेमतेम साडेनऊशे डॉलरचं घर मिळू शकतं. सिलिकॉन व्हॅलीत एका बेडरूमचं घर दोन हजारांच्या आत मिळणं मुश्कील. शिवाय क्रेडिट स्कोअर, म्हणजे तुम्ही आजवर उधारी किती वेळेवर फेडलीत त्याचा आकडा, तो चांगला हवा. डिपॉझिट हवं, पहिल्या महिन्याचं भाडं हातात हवं. एका आजारपणात क्रेडिट कार्डाचे हप्ते चुकले की हा आकडा घसरतो आणि पुढे पगार सुरळीत सुरू असूनही अर्ज नाकारला जातो. आपल्याकडे ‘बॅचलरला देत नाही’ म्हणतात, तिकडे कॉम्प्युटर म्हणतो.

आमच्या टेस्टरचं तर याहून साधं होतं. रूममेट लग्न करून गेला, घराचा करार संपला, नवीन भाडं एकट्याने भरायचं म्हणजे निम्म्याहून जास्त पगार. कॉन्ट्रॅक्ट तीन महिन्यांचं. वर्षभराच्या करारावर सही कशाच्या जोरावर करणार?

रात्र कशी जाते

प्रियस ही गाडी या मंडळींत फार लाडकी आहे आणि त्याला कारण आहे. हायब्रिड गाडीत पेट्रोलच्या इंजिनासोबत एक मोठी बॅटरी असते. गाडी ‘रेडी’वर, म्हणजे चालू स्थितीत ठेवून झोपलं तर हीटर किंवा एसी त्या बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, काही मिनिटं चालतं आणि पुन्हा गप्प होतं. साध्या गाडीत हे करायचं तर इंजिन रात्रभर धडधडत ठेवावं लागेल. तरीही बर्फ पडतो अशा भागात एक धोका राहतोच. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्याला काहीच कळत नाही.

टेस्टरने मला एकदा गाडी दाखवली. मागच्या सीट पाडून त्यावर प्लायवुडची फळी, फळीवर चार इंचांची फोमची गादी. तिरकं झोपलं तरच पाय पुरायचे. खिडक्यांच्या मापाचे चंदेरी इन्सुलेशनचे तुकडे कापलेले, एका बाजूला काळं कापड चिकटवलेलं, म्हणजे बाहेरून काच नुसती काळी दिसावी. शर्ट हँगरला, टॉवेल पुढच्या सीटवर वाळत. काच बोटभर उघडी ठेवायची, नाहीतर सकाळी गादीला ओल येते आणि आठवड्यात कुबट वास सुटतो. पावसात ते बोटभरही महाग पडायचं. रुंद तोंडाची एक बाटलीही होती. ती कशासाठी, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

दिवस पहाटे पाचला सुरू. साडेपाचला जिम. व्यायामासाठी नव्हे, अंघोळीसाठी. पंचवीसेक डॉलर महिना भरला की गरम पाणी, आरसा, संडास सगळं मिळतं. पावणेसातला ऑफिस. संध्याकाळी लायब्ररी बंद होईपर्यंत तिथे. मग एका ठिकाणी जेवण, दुसऱ्या ठिकाणी दात घासणं, तिसऱ्या ठिकाणी झोप. ही तिन्ही ठिकाणं वेगळी ठेवायचा त्याचा कटाक्ष असायचा. झोपायच्या जागी पोहोचल्यावर दार एकदाच उघडायचं, दिवा लावायचा नाही, मागे सरकायचं आणि पडायचं.

‘सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?’ म्हणून विचारलं, तर थंडी नाही म्हणाला, जागा नाही म्हणाला. म्हणाला, ‘रोज ठरवावं लागतं.’ आज कुठे झोपायचं, उद्या त्या रस्त्याचा झाडलोटीचा दिवस आहे का, परवा इथेच होतो तर कुणी ओळखेल का. घर असलेल्या माणसाच्या डोक्यात संध्याकाळी सातला हा विषयच नसतो.

पैसे खरंच वाचतात का?

वाचतात, पण वाटतात तेवढे नाही. त्याने सांगितलेला हिशेब मी पाकिटामागे लिहून घेतला होता. आधीच्या घरातला त्याचा वाटा १,३५० डॉलर. तो वाचला. त्याबदल्यात वाढलेला खर्च: जिम २५, सामान ठेवायला भाड्याचा गाळा ९५, टपालासाठी पेटी २०, कपडे धुणं ४०, जादा पेट्रोल ६०, बाहेरचं जेवण सुमारे ३००, आणि पाठ सरळ करायला महिन्यातून एक रात्र मोटेलमध्ये, १३०. बेरीज ६७०. म्हणजे महिन्याला ६८० डॉलर हातात.

जेवणाचा आकडा बघा. स्वयंपाकघर नसलं की दूध नासतं, भात करता येत नाही, उरलेलं ठेवता येत नाही. गरिबाला अन्न महाग पडतं ते असं.

आणि मग दहाव्या महिन्यात हायब्रिडची मोठी बॅटरी गेली. २,४०० डॉलर. गाडी दोन रात्री गॅरेजमध्ये, म्हणजे याचं घरच गॅरेजमध्ये. दोन रात्री मोटेल. जवळपास चार महिन्यांची बचत एका आठवड्यात धुऊन निघाली.

हा प्रकार समजून घ्यायचा तर इथे थांबायला हवं. तुमची-माझी गाडी बिघडली तर आपण रिक्षाने ऑफिसला जातो, घर जागेवर असतं. घर गळायला लागलं तरी गाडी आणि नोकरी शाबूत असतात. गाडीत राहणाऱ्याचं घर, वाहन आणि नोकरी ही तिन्ही एकाच खुंटीला टांगलेली असतात. भाड्याचे वाचलेले पैसे म्हणजे या जोखमीचा मोबदला. दर महिन्याला मिळतो, आणि एक दिवस गाडी वसूल करून घेते.

गाडीत झोपणं गुन्हा आहे का?

याचं उत्तर शहरागणिक बदलतं. अख्ख्या अमेरिकेला लागू असा ‘गाडीत झोपू नये’ म्हणणारा कायदा नाही. नियम करतात त्या नगरपालिका. कॅलिफोर्नियाच्या महामार्गांवरच्या विश्रांतीस्थळांत २४ तासांत ८ तास थांबता येतं, आणि शेजारच्या गावात तेच केलं तर दंड होऊ शकतो.

लॉस एंजेलिसने १९८३ मध्ये गाडीचा राहायला वापर करण्यावर बंदी घातली होती. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. कारण वाचण्यासारखं आहे: ‘राहणं’ म्हणजे काय, हेच नियमातून कळत नव्हतं. पांघरूण आणि खाण्याचे डबे तर सहलीला निघालेल्याच्या गाडीतही असतात. शहराने २०१७ मध्ये नवा नियम आणला. त्यात वेळ आणि जागा नेमकी सांगितली: वस्तीच्या रस्त्यांवर रात्री नऊ ते सकाळी सहा नाही, शाळा-बागांच्या जवळ तर नाहीच.

मग २८ जून २०२४ चा निकाल आला. ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास या छोट्या गावाने सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांना दंड लावला होता. जायला दुसरी जागाच नसलेल्याला असा दंड करणं ही राज्यघटनेने मनाई केलेली क्रूर शिक्षा ठरते का, हा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, ठरत नाही. ज्या बाईंचं नाव या खटल्याला आहे, त्या स्वतः व्हॅनमध्ये झोपत. त्यानंतर अनेक शहरांनी नियम आवळले. सॅन फ्रान्सिस्कोचे दोन तास त्याच ओळीतले.

दुसऱ्या बाजूला सिएटलचा एक खटला आहे, तो मला जास्त बोलका वाटतो. २०१६ मध्ये एक कारागीर आपल्या जुन्या ट्रकमध्ये राहत होता. हत्यारंही त्यातच. गाडी बिघडलेली, एका जागी ७२ तासांपेक्षा जास्त उभी. संध्याकाळी तो कामावर गेला असताना ट्रक टो करून नेला. परत येतो तर घरही नाही आणि हत्यारंही नाहीत. ट्रक २१ दिवस अडकून पडला आणि सोडवायला ५५७ डॉलर मागितले, महिना ५० च्या हप्त्याने. २०२१ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, राहत्या घराला जप्तीपासून जे संरक्षण असतं ते या ट्रकलाही आहे. दोन, त्याच्या कमाईकडे पाहता हा दंड अवाजवी आहे. हा निकाल फक्त त्या राज्यापुरता. बाकी ठिकाणी टोवाल्याला ती गाडी म्हणजे गाडीच.

एक उपधोका सांगून ठेवतो. दारू पिऊन गाडी चालवायची नाही म्हणून मागच्या सीटवर झोपला, तरी अनेक राज्यांत गुन्हा होऊ शकतो. किल्ली हाताशी आहे, म्हणजे गाडी तुमच्या ताब्यात आहे, असा अर्थ लावतात. गाडीतच राहणाऱ्याची किल्ली कायम हाताशी असते.

मधला मार्ग म्हणून काही ठिकाणी सेफ पार्किंग असतं. चर्चची किंवा सरकारी ऑफिसची पार्किंगची जागा रात्रीपुरती द्यायची, संडास आणि पहारा ठेवायचा, सकाळी सगळ्यांनी निघायचं. सांता बार्बराने हे २००४ मध्ये सुरू केलं. चांगली सोय आहे, पण बऱ्याच ठिकाणी अट असते की गाडी चालू हवी, तिची नोंदणी आणि विमा हवा. सिएटलच्या त्या कारागिराला असल्या ठिकाणी जागा मिळाली असती का, शंकाच आहे.

पत्ता नसला तर काय अडतं?

पगार बँकेत येतो, ऑफिसचं काम लॅपटॉपवर होतं, मग पत्ता हवा कशाला? लायसन्ससाठी, गाडीच्या विम्यासाठी, कराच्या कागदांसाठी. गाडी रात्री कुठे उभी असते यावर विम्याचा हप्ता ठरतो. ‘कुठेही’ हे उत्तर त्या फॉर्ममध्ये बसत नाही.

सतत फिरणारे लोक यावर साउथ डकोटाचा उपाय करतात. तिथे टपाल स्वीकारणारी पेटी घ्यायची, एक रात्र राहिल्याची पावती दाखवायची आणि त्या राज्याचं लायसन्स काढायचं. राज्याचा आयकर तिथे नाही. यावरून काहींना वाटतं की करही वाचला. छे. काम कॅलिफोर्नियात बसून केलं, तर त्या पगारावर कॅलिफोर्निया कर घेतेच.

आपल्या मंडळींसाठी यात एक वेगळी मेख आहे. पुण्या-नाशिकहून एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या एखाद्या तरुणाला ‘सहा महिने गाडीत काढतो, होम लोन फेडतो’ असं वाटू शकतं. मी हा विचार बोलून दाखवलेला ऐकलाय, अर्धा गमतीत. व्हिसावरच्या माणसाने राहण्याचा पत्ता बदलला की १० दिवसांत सरकारला कळवायचा असतो. पत्ता राहत्या जागेचा लागतो, टपालपेटीचा चालत नाही. मित्राच्या घरचा पत्ता देऊन झोपायचं गाडीत, तर सरकारला दिलेली माहिती खोटी ठरते. नागरिकाचा प्रश्न दंडावर भागतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्याने हा जुगार खेळू नये, असं माझं स्पष्ट मत.

मुलांबाबत मात्र कायदा उदार आहे. १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार गाडीत राहणाऱ्या मुलाला पत्त्याच्या कागदावाचून शाळेत घ्यावंच लागतं.

‘पण कॉट बेसिसवर राहता येत नाही का?’

हा आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे. आपल्याकडे मुंबई-पुण्यात नवखा माणूस कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत चार खाटा, एक खाट तुमची. अमेरिकेत हा मधला थर फार पातळ आहे. एका घरात किती जणांनी राहावं यावर मालकाच्या करारात मर्यादा असतात. पूर्वी शहरांमध्ये एका माणसापुरत्या स्वस्त खोल्यांची हॉटेलं असायची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातली असंख्य पाडली गेली. शिडीच्या मधल्या पायऱ्या काढून घेतल्या, आणि आता खालचा माणूस वर का चढत नाही म्हणून विचारतात.

खोल्या मिळतात, नाही असं नाही. आमच्या टेस्टरलाही शोधली असती तर नऊशे-हजारात मिळाली असती. त्याला अनोळखी माणसांबरोबर राहणं नको होतं. चूक म्हणा हवं तर.

‘मग हा हौसेचा मामला झाला!’

इथे शब्द जपून वापरायला हवेत. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या व्याख्येत, माणसाने झोपायला म्हणून न बनवलेल्या जागी रात्र काढणारा तो बेघर. गाडी त्यात आली. जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या मोजणीत देशभरात ७,७१,४८० माणसं बेघर सापडली. तू इथे हौसेने आहेस की नाइलाजाने, याला त्या आकड्यात जागा नाही.

२०१५ मध्ये गूगलच्या माउंटन व्ह्यूच्या आवारात ट्रकमध्ये राहणाऱ्या एका तरुण इंजिनिअरची गोष्ट जगभर गाजली. दहा हजार डॉलरचा ट्रक. जेवण आणि अंघोळ कंपनीत. तोही गाडीत राहत होता आणि सिएटलचा कारागीरही. पण इंजिनिअरचा ट्रक टो झाला असता तर त्याने त्याच रात्री हॉटेलची खोली घेतली असती. कारागीर त्या रात्री जमिनीवर झोपला.

त्यामुळे कुणी ‘मी स्वतःहून गाडीत राहतो’ म्हणालं की मी मनातल्या मनात एकच विचारतो: उद्या सकाळी गाडी जागेवर नसेल तर उद्या रात्री कुठे? याला ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याची ती निवड. टेस्टर सुरुवातीला निवडीने आला होता. बॅटरी गेल्यानंतरचे दोन-तीन महिने तो निवडीने होता असं मला वाटत नाही, जरी तो तसंच म्हणत राहिला.

आपल्याकडे?

नोकरीपायी गाडीत झोपणारे आपल्याकडे कमी नाहीत, आपण त्यांना या नावाने ओळखत नाही इतकंच. मुंबईत ॲपवरची टॅक्सी चालवणारे कित्येक जण गावाकडून येतात, सीट मागे पाडून झोपतात, पेट्रोल पंपावर नाहीतर सुलभमध्ये अंघोळ करतात आणि पंधरवड्याने घरी जातात. ट्रकवाल्यांचं तर आयुष्यच केबिनमध्ये जातं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, ती मोठी उशिराची सुधारणा. पण या माणसाचा पत्ता शाबूत असतो. रेशनकार्डावर गाव असतं, गावात घर असतं, घरात कुणीतरी असतं.

टेस्टरला शेवटी फ्रीमॉन्टला खोली मिळाली. कॉन्ट्रॅक्ट कायम झाल्यावर. घरमालकाच्या अर्जात मागच्या दोन वर्षांचे पत्ते मागितले होते. चौदा महिन्यांच्या रकान्यात काय लिहू, म्हणून तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. आम्ही दोघांनी दहा मिनिटं डोकं खाजवलं. मग त्याने मोडेस्टोच्या बहिणीचा पत्ता लिहिला.